पाहिजेच, चालेल, नको

माझ्या प्रबंधाचा विषय 'माजी' हा आहे. माजी म्हणजे पूर्वी होता, आता नाही, पण अजून आहे. माजी अध्यक्ष, माजी कप्तान, माजी सचिव, माजी विजेते. पद गेल्यावर माणसाचं नेमकं काय होतं, तो सकाळी उठून कुठे जातो, भाषणाची सवय कुणावर भागवतो, असा हा सामाजिक अभ्यास. विषय सांगितला की काही लोक हसतात. जे हसत नाहीत ते स्वतः माजी असतात.

घरात या विषयाची बाजू घेणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आजी. बाबांची आई. बाबा म्हणायचे, "याला नोकरी लागेपर्यंत हा स्वतःच माजी तरुण होणार." त्यावर आजी पत्ते पिसता पिसता म्हणायची, "तू गप रे. तुझे भूमितीचे मार्क सांगू का त्याला?" बाबा गप्प बसायचे. ते मार्क मला आजपर्यंत कळलेले नाहीत, पण त्यांच्या जोरावर माझं बरंच शिक्षण झालं आहे.

लिहून झालेलं प्रत्येक प्रकरण मी आधी आजीला वाचून दाखवायचो. मधेच ती हात वर करायची. "ठोंब्या, हे वाक्य तुला तरी कळलं का?" मला कळलेलं नसायचं. मग मी ते खोडायचो. माझ्या मार्गदर्शक बाईंनी शेऱ्यात 'भाषा स्वच्छ' असं लिहिलं, ते खरं म्हणजे आजीचं प्रमाणपत्र होतं.

आता वाचनालयाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथे झालं.

दुसऱ्या मजल्यावर एक लांबच लांब खोली. उंच खिडक्या, सावकाश फिरणारे पंखे, फरशीला औषधाचा वास. भिंतीला लावून संगणकांची रांग आणि त्यांच्यासमोर डुगडुगणाऱ्या खुर्च्या. तिथल्या ग्रंथपालबाई चणीने लहान आणि आवाजाने प्रचंड. 'शांतता राखा' ही पाटी त्या येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यांदा वाचून दाखवायच्या.

कॉलेजने नुकताच एक ऑनलाइन संशोधन-संग्रह घेतला होता. जुनी नियतकालिकं, अहवाल, शोधनिबंध, सगळं एका ठिकाणी. त्यात 'प्रगत शोध' नावाचं बटण होतं. ते दाबलं की एकाखाली एक अशा तीन चौकटी उघडायच्या. त्यांची मराठी नावं एका समितीने ठेवली होती आणि समितीची बैठक बहुधा जेवायच्या वेळेला झाली असावी. पहिली चौकट 'पाहिजेच', दुसरी 'चालेल', तिसरी 'नको'. ते पान उघडलं की समोर वेटर उभा असल्यासारखं वाटायचं.

"बाई," मी म्हणालो, "'माजी' टाकलं की पूर येतो."

"काय काय येतंय?"

"आजी-माजी. आजी-माजी विद्यार्थी, आजी-माजी पदाधिकारी, आजी-माजी खेळाडूंचा स्नेहमेळावा. मला आज पदावर असलेले लोक नकोत. मला नुसते माजी हवेत. पण हे आजी त्यांचं बोट सोडतच नाहीत."

"आधी काय केलं होतंत?"

"नुसतं 'माज' टाकून पुढे चांदणीची खूण दिली होती."

"मग?"

"माजघर आलं. माजलेला बोकाही आला. बाई, बोक्यावर स्वतंत्र शोधनिबंध आहे."

"येणारच. चांदणी दिली म्हणजे पुढे काहीही आलं तरी चालेल असं तुम्ही कबूल केलंत." बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "पूर्ण शब्द लिहा. अवतरणात घाला, म्हणजे नेमका तोच येईल. वर्षांची मर्यादा लावा. आणि जे नकोय ते सरळ 'नको'मध्ये टाका. लाजू नका. लोक तिथेच लाजतात."

मी लाजलो नाही. वरच्या चौकटीत लिहिलं, माजी. खालच्या चौकटीत लिहिलं, आजी.

बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि पडद्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"नक्की ना?"

"का हो?"

"काही नाही. विचारते मी सगळ्यांना. याला आपण लिहिलेलं कळतं. आपल्याला काय म्हणायचंय ते नाही कळत."

मी एंटर दाबला.

पूर ओसरला. पडद्यावर एकामागून एक स्वच्छ, एकेकटे माजी उभे राहिले. एका माजी बुद्धिबळपटूची मुलाखत, माजी स्टेशनमास्तरांच्या झोपेचा अभ्यास, माजी जुळ्यांवरचा एक लेख. तो लेख उघडायचं धाडस मला झालं नाही. 'हा शोध जतन करायचा का?' असं संगणकाने विचारलं. मी आनंदाने हो म्हटलं. असा शोध हरवला तर पुन्हा मिळायचा नाही, असं वाटलं.

मान वर केली तेव्हा वाचनालय रिकामं होतं. परीक्षा जवळ आलेली, तरी एकही विद्यार्थी नाही. फक्त शेवटच्या टेबलावर काही पोक्त माणसं बसली होती. ती टेबलाच्या लाकडावरून बोटं फिरवत होती, जुनं काही कोरलेलं चाचपावं तशी. पालकसभा असेल, असं मला वाटलं.

बाहेरच्या बोळात एक फलक लटकत होता. सकाळी त्यावर 'आजी-माजी विद्यार्थी मेळावा' असं होतं. आता तिथे '-माजी विद्यार्थी मेळावा' एवढंच होतं. पुसलेलं काही दिसत नव्हतं. अक्षरं मधोमध, नीट बसवलेली. फक्त ती रेघ पुढे राहिली होती, कुणाचा तरी हात धरायला पुढे केलेल्या हातासारखी.

मी खो खो हसलो. आजीला दाखवायला म्हणून फोटो काढला आणि पाठवायला गेलो. फोनवर 'आ' लिहिलं. आइस्क्रीमवाला आला, आरसेवाला आला. आजी आली नाही. फोन जुना आहे, असं म्हणून मी तो खिशात टाकला. फोनवर विश्वास आणि नातेवाइकांवर राग फार वेळ ठेवू नये.

फाटकापाशी कार्ड लावलं तर लाल दिवा लागला.

"तुमचं कार्ड बंद झालंय," पहारेकरी म्हणाला. "माजी झालात की काय?"

"प्रबंध अजून व्हायचाय माझा."

"मशीन तर माजी म्हणतंय."

आम्ही दोघंही हसलो. त्याने हाताने फाटक उघडून दिलं.

घरी पोचलो तेव्हा हॉलमध्ये आजी आणि बाबा रमी खेळत बसले होते. बूट काढता काढता मी म्हणालो, "आजी, एक गंमत झाली."

बाबा म्हणाले, "आज काय झालं?"

"तुम्हाला नाही हो. आजी, ऐक ना."

"अरे, आज काय? आज बुधवार," बाबा म्हणाले.

आजी पत्त्यांवरून माझ्याकडे बघत होती. चेहरा तोच, भुवईवरचा तीळ तोच, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली तीही तीच. फक्त बघणं निराळं होतं. दारात आलेल्या मीटरवाल्याकडे बघतात तसं, सभ्य आणि थोडं घाईचं.

"बसा ना," ती मला म्हणाली. "उभे का?"

आजीला नाटकं येतात, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "पुरे हं आता."

"आई, हा माझा मुलगा," बाबा पत्ता टाकत म्हणाले.

"हो का? मोठा आहे की चांगला. मला कुणी बोललंच नाही." तिने पान उचललं आणि मधेच थांबली. "तुझा मुलगा म्हणजे माझा कोण रे लागेल?"

बाबांनी खरोखर विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं, परत मोजलं. "असेल काहीतरी. लांबचं."

"लांबचं असलं तरी नातं ते नातं." तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "सूनबाई, पाहुण्यांना पाणी दे गं."

आईने पाणी आणलं, ट्रेमधून. आमच्या घरात ट्रे आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी आईच्या मागोमाग आत गेलो. "आई, बाहेर बसलीय ती कोण आहे?"

"कोण? सासूबाई माझ्या. असं काय विचारतोस?"

"आणि माझी कोण?"

आई चहा ढवळायची थांबली. तिने वेड पांघरलेलं नव्हतं, चेहऱ्यावर चेष्टाही नव्हती. होती ती थोडी दया. "हे बघ बाळा," ती म्हणाली, "सगळेच काही सगळ्यांचे कुणीतरी नसतात."

मी बॅगेतून नवं प्रकरण काढलं आणि हॉलमध्ये जाऊन तिच्याशेजारी बसलो. वाचू का, म्हणून विचारलं. "वाचा की," ती म्हणाली, आणि पत्ते बाजूला ठेवून, हात मांडीवर जुळवून ऐकायला लागली. मी वाचलं. अवघड जागी मुद्दाम अडखळलो. ज्या वाक्याचा अर्थ मलाही लागत नव्हता ते सावकाश वाचलं आणि तिच्या हाताकडे बघत राहिलो. हात वर झाला नाही. संपल्यावर ती म्हणाली, "छान लिहिता हो तुम्ही."

खरं सांगतो, तोवर मला मजा वाटत होती. माझ्याबाबतीत नेहमीच असं होतं, आधी हसू येतं आणि मग समजतं. त्या 'तुम्ही'नंतर समजलं. संगणकावर मी स्वतःच्या हाताने काय लिहिलं होतं ते डोळ्यांपुढे उभं राहिलं. 'आजी'. आणि त्या शब्दाच्या चौकटीचं नाव.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी फाटकाशी उभा होतो. पहारेकऱ्याने कार्ड बघितलंसुद्धा नाही. "माजी ना? या, या. आज तुमचाच मेळावा आहे." आत पटांगणात टक्कल पडलेली माणसं लंगडी खेळत होती.

"बाई," मी धापा टाकत म्हणालो, "तो शब्द काढायचाय. आजी."

"आज? आज नका त्रास देऊ, आज मेळाव्याची गडबड आहे."

मी त्यांना हाताला धरून संगणकापाशी नेलं. जतन केलेला शोध उघडला आणि खालच्या चौकटीतल्या शब्दावर बोट ठेवलं.

"अच्छा, तो," बाई म्हणाल्या. "मग पुसा की. पुसायचं आणि परत शोधायचं. त्यात काय."

मी पुसायला गेलो आणि माझा हात थांबला.

नुसतं पुसून काय होणार? 'नको' काढलं म्हणजे 'पाहिजे' झालं, असं थोडंच आहे? ती येईलही, न येईलही. त्या पुरात कुठेतरी खाली, मेळाव्यांच्या आणि बोक्यांच्या मागे, चौदाव्या पानावर येईल. तोपर्यंत मी काय पाणी पीत बसू, ट्रेमधलं? मला तशी यायला नको होती. मला ती असायलाच हवी होती.

मी शब्द खालून उचलला आणि वरच्या चौकटीत नेऊन ठेवला. पाहिजेच.

बाईंनी वाकून बघितलं. "दोन्ही पाहिजेच?"

"पाहिजेच."

"एकत्र?"

"बाई, प्लीज."

"मी आपलं विचारते सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

मी एंटर दाबला. पडद्यावर एकच निकाल आला. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पूर्ण मजकूर उपलब्ध'. संशोधकाच्या आयुष्यात याहून सुंदर ओळ नाही. मी खुर्चीवरून उडालो. खुर्ची पडली. बाईंनी मला पाटी वाचून दाखवली.

तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"ठोंब्या, कुठे उंडारतोयस? लवकर घरी ये. सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी जिन्यावरून धावत सुटलो. पटांगणातल्या लंगडीत मधेच घुसलो, आउट झालो, तसाच पुढे पळालो. बसमध्ये उभ्या उभ्या हसत होतो. शेजारचे आजोबा जरा सरकून बसले.

घरी हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्या. खालच्या मजल्यावरचं जोडपं आलं होतं. आईच्या हातात फुलांचा गुच्छ. मधल्या खुर्चीत आजी, ठेवणीतली साडी नेसून. मला बघून तिचा चेहरा उजळला. तो माझाच चेहरा होता, म्हणजे माझ्यासाठी राखून ठेवलेला.

"ये, बस इथे. तुझ्याशिवाय सुरू करता येईना."

मी तिला मिठी मारली. तिने पाठीवर थोपटलं. वाढदिवस विसरलो वाटतं आपण, असा मी विचार करत होतो.

बाबा उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "आज आपण एका प्रदीर्घ आणि निष्कलंक कारकिर्दीला निरोप देण्यासाठी जमलो आहोत."

खालच्या मजल्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आजी, हे काय चाललंय?" मी हळूच विचारलं.

"माजी," तिने मायेने दुरुस्त केलं. "आता माजी म्हणायचं."

मला संगणकावरची ती चौकट आठवली. दोन शब्द. मीच शेजारी शेजारी लिहिलेले.

"असं नसतं," मी म्हणालो. "ते काय पद आहे का? त्याला मुदत नसते."

"अरे, तूच लिहिलंयस ना? पद जातं, माणूस राहतो. चांगलं वाक्य होतं ते, म्हणून मी ठेवलं." ती हसली. "मी आहे की. सल्ला लागला तर विचार. माजी लोकांना सल्ला द्यायला फार आवडतं, असंही तूच म्हणतोस."

"मला सल्ला नकोय. तू हवीस."

तिने माझा हात हातात घेतला. क्षणभर घट्ट धरला. मग काहीतरी नियम आठवल्यासारखा तो माझ्या मांडीवर परत ठेवला.

"हे आता तिने करायचं," ती म्हणाली.

"तिने म्हणजे कुणी?"

"पद रिकामं ठेवत नाहीत रे."

बाबांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. "माजी आजींच्या जागी आजी आजी आल्यात," ते म्हणाले. "सकाळीच रुजू झाल्या. आतल्या खोलीत आहेत."

मी आईकडे बघितलं. आई गुच्छातली फुलं नीट करत होती.

"कशा आहेत?" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

"बघितलं नाही अजून कुणी," आई म्हणाली. "दार लावून घेतलंय."

"शांत आहेत पण," बाबा म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्यांना एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. दोघांनाही.

ते गेल्यावर मी तिच्याकडे वाकलो. "तू बोललीस तिच्याशी?"

"बोलले की. दाराबाहेरून. तुझं सगळं सांगितलं. काय खातोस, कधी झोपतोस, कशाने हसतोस." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "ऐकत होती मन लावून. चांगली असेल. फक्त एकच सारखं विचारत होती."

"काय?"

"नातू म्हणजे नेमका केवढा असतो."

बाबांनी उगाच पंखा एकने कमी केला.

"मग तू काय सांगितलंस?"

"तू येतोच आहेस म्हटलं. स्वतःच बघून घे."

आतल्या खोलीत काहीतरी हललं.

त्या दाराला आतून कडी आहे. कमरेच्या उंचीवर, समोरच. कुणालाही सापडेल अशी.

लाकडावरून तळहात सरकत असल्याचा आवाज येत होता. कुणीतरी कडी शोधत होतं, घाई न करता, अगदी पद्धतशीर. आधी पार खाली, फरशीजवळ. मग मधे. मग वर, आणखी वर, चौकटीच्या माथ्याशी, जिथे आमच्या घरात स्टुलावर चढल्याशिवाय कुणाचाच हात पोचत नाही.

खालचा हात मात्र अजून खालीच होता.